सहा हजारांचा कायदा, पाच हजारांची योजना

माननीय केंद्रीय महिला व बालविकास मंत्री यांस,

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं चौथं कलम आपल्याला कोणी नव्यानं सांगण्याची गरज नसावी. सरकारी नोकरीत नसलेल्या आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ न मिळणाऱ्या प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये मातृत्व लाभ मिळेल, असं संसदेनं २०१३ साली ठरवलं. पहिलं मूल, दुसरं मूल असा भेद त्या कलमात नाही. त्यानंतर काही वर्षं हा हक्क देशातल्या पन्नासेक जिल्ह्यांपुरता राहिला. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री पंतप्रधानांनी सहा हजारांची घोषणा केली, आणि मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री मातृ वंदना योजना मंजूर केली तेव्हा रक्कम पाच हजार झाली होती, तीही पहिल्याच बाळंतपणापुरती. हजार रुपये कुठे गळले, याचं आपल्या मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं आहे: ते जननी सुरक्षा योजनेतून मिळतात, सरासरी सहा हजार होतातच. महाराष्ट्रापुरता हा हिशेब करून पाहावा. इथे जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण बाईला ७०० रुपये मिळतात आणि शहरी बाईला ६००, तेही ती दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. बेरीज ५,७०० किंवा ५,६००. बाकीच्यांना पाच हजार आणि शुभेच्छा. कायद्यानं रक्कम प्रत्येक बाईला कबूल केली आहे. देशाची सरासरी काढून ती फेडता येत नाही.

पण तुटीचे तीनशे ते हजार रुपये हे खरं दुखणं नाही. खरं दुखणं असं, की ही रक्कम ज्यासाठी आहे त्याच्या जवळपासही ती पोचत नाही. योजनेचा पहिला उद्देश आपल्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिला आहे: बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, म्हणजे बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पुरेशी विश्रांती घेता यावी. मग मजुरीच्याच मापानं मोजू. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. सहा हजार म्हणजे ३७ दिवसांची मजुरी. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे. पाच हजार म्हणजे १६ दिवसांची. दरम्यान केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा आढावा दर जानेवारी आणि जुलैला नेमानं होत राहिला. महागाई बहुधा त्यांच्याच घरी येत असावी. ज्या २०१७ साली ही योजना आली, त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेनं संघटित क्षेत्रातल्या बाईची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. ते योग्यच झालं. त्याबद्दल कुरकुर नाही. पण २६ आठवडे विश्रांती हवी असं शरीरशास्त्र सांगत असेल, तर ते ऊसतोडणीच्या बाईलाही लागू असणार. आठवड्याला सहा दिवस धरले तर २६ आठवड्यांची रोजगार हमीच्या दरानं मजुरी होते ४८,६७२ रुपये. त्यातले आपण पाच हजार देता, म्हणजे साधारण दहावा हिस्सा. भरपाई ‘अंशतः’ आहे हे मान्य. पण अंश किती बारीक असावा यालाही काही मर्यादा असेल की नाही?

त्या पाच हजारांत घर कसं चालतं, हेही पाहावं. पहिला हप्ता तीन हजारांचा. सरकारी दवाखान्यातल्या एका बाळंतपणाला घरच्यांच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये जातात, असं सरकारच्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. आणि ही सेवा २०११ पासून पूर्णपणे मोफत आहे, असंही सरकारच सांगतं. तीन हजारांतून ते गेले की उरले ८४ रुपये. खारीक-खोबरं, अळीव, तूप हे सोडाच, त्या ८४ रुपयांत आठवड्याचं दूधही येत नाही. दुसरा हप्ता दोन हजारांचा. तो मिळायला बाळाची जन्मनोंदणी व्हावी लागते आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या सगळ्या लसी टोचून व्हाव्या लागतात. म्हणजे सगळं बिनचूक पार पडलं तरी तो पैसा साडेतीन महिन्यांनंतरचा. या काळात किराणा दुकानदाराची वही थांबत नाही, फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता थांबत नाही, खोलीचं भाडं थांबत नाही. चार घरची धुणीभांडी करणारीनं तीन महिने सुट्टी घेतली की त्यातली दोन घरं बदली बाईची होतात. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ती बसली की अर्धा कोयता उरतो, उचल मात्र पूर्ण फेडायची असते आणि वर खाड्याचे पैसे कापले जातात. अशा घरात दोन हजार पोचतात तेव्हा ती कधीच कामावर परतलेली असते. त्या पैशानं विश्रांती मिळत नाही, झालेल्या कर्जाचं थोडं व्याज फिटतं.

अटी घातल्या नाहीत तर तपासण्या आणि लसीकरण कसं होणार, असा एक आक्षेप असतो. तपासणी आणि लस व्हायलाच हवी. त्यासाठी आशाताई आहेत, अंगणवाडी आहे, उपकेंद्र आहे. पण मजुरी सातव्या-आठव्या महिन्यात थांबते आणि भरपाईचा दुसरा हप्ता बाळ पालथं पडायच्या सुमारास येतो, हे कोणत्या हिशेबात बसतं? शिवाय आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि ही योजना तर नेमकी पहिल्या बाळंतपणाची आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या अंगणवाडीत, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, लसी माहेरच्या उपकेंद्रात. आधारवर लग्नाआधीचं नाव, बँकेत लग्नानंतरचं. पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि ते खातं कोणतं हे अनेकींना पैसे न आल्यावरच कळतं. बाळंतिणीनं सव्वा महिना घराबाहेर पडू नये असं मानणाऱ्या समाजात आपण तिला तान्हं बाळ घेऊन बँकेच्या रांगेत उभं करता.

दुसऱ्या मुलाच्या बाबतीत तर योजनेनं कमाल केली आहे. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर सहा हजार मिळतात, तेही जन्मानंतर एकरकमी. मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत या पैशावर विसंबून एकही बाई एकही दिवस घरी बसू शकत नाही. पोटात कोण आहे यावर तिची झीज ठरत नाही, मजुरी बुडणंही ठरत नाही. मुलींसाठी वेगळी बक्षीस योजना जरूर काढा. मजुरीच्या भरपाईच्या खात्यातून तिचा खर्च कशाला? लोकसंख्येचं कारणही आता टिकत नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजनन दर २.० वर आला आहे आणि महाराष्ट्राचा १.७ वर. दोन मुलांच्या आईला शिक्षा करून आता कोणता आकडा खाली आणायचा आहे?

राहिला पैशाचा प्रश्न. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात या योजनेला २,७०० कोटी होते. सहा हजारांच्या दरानं ते ४५ लाख बायकांना पुरतात, आणि देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात. त्याच वर्षी डिसेंबरात ६० अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून मातृत्व लाभासाठी पुरेशी तरतूद मागितली, पुढच्या डिसेंबरात पुन्हा मागितली. रक्कम जिथे होती तिथेच आहे. तिजोरीत पैसा नाही म्हणावं, तर २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. ते राज्याचं, हे केंद्राचं, असं आपण म्हणाल. मान्य. पण सहा महिन्यांचे ते नऊ हजार होतात, कायद्याचं बंधन नसताना. आणि कायद्यानं बांधलेले सहा हजार मात्र पुरे होत नाहीत. त्यातही एकवीस वर्षांखालच्या विवाहितेला लाडकी बहीणही नाही, आणि कोवळ्या वयातलं पहिलं बाळंतपण नेमकं तिचंच असतं. राज्यांनी आपली भर घालावी, असंही सुचवलं जातं. तामिळनाडूनं ती घातली: मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत तिथे २०१८ पासून वस्तूंसह अठरा हजारांचा लाभ मिळतो, पहिल्या दोन्ही बाळंतपणांना. आपल्याकडच्या बांधकाम कामगार मंडळातही नोंदीत कामगार बाईला साध्या बाळंतपणाला पंधरा हजार मिळतात. तेव्हा हे जमण्यासारखं आहे. पण एका राज्यानं दिलं म्हणून केंद्राची देणी फिटत नाहीत.

मागणी नवी नाही. किमान सहा हजार प्रत्येक बाळंतपणाला द्या. ते रोजगार हमीच्या दराशी बांधा. २०१३ चे ३७ दिवस धरले तरी आज ते साडेअकरा हजार होतात. मोठा हिस्सा सातव्या महिन्यात, मजुरी थांबते तेव्हा द्या. नोंद एका गावात आणि बाळंतपण दुसऱ्या गावात असलं तरी हप्ता अडणार नाही अशी सोय करा. आणि यातलं काहीच करायचं नसेल, तर निदान तो नकार उघडपणे द्या: संसदेत दुरुस्ती विधेयक आणून सांगा की आम्ही सहा हजार देणार नाही. कोणत्या खासदारानं त्या बाजूनं हात वर केला, हे तरी बायकांना कळेल.

एक मतदार