इंद्रलुप्तातील औषधपालट आणि पादांशिक क्रम

डोक्यावर रुपयाएवढी चाई घेऊन येणारा रुग्ण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेल्या या इंद्रलुप्ताची चिकित्सा आपण पदवीच्या काळातच पाठ केली. अलीकडे मात्र एक निराळा रुग्ण दारात येतो. त्याचे केस आधुनिक औषधांनी आलेले असतात; पण खर्च झेपत नाही किंवा दुष्परिणामांची धास्ती वाटते. 'आता आयुर्वेदिक सुरू करा, पण आलेले केस जाऊ देऊ नका,' एवढीच त्याची मागणी असते. या रुग्णाविषयी आपल्यात फारशी चर्चा होत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझीच चूक प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी झरी येथील माझ्या चिकित्सालयात एक महाविद्यालयीन तरुण आला. चार महिने रोज स्टिरॉइडची गोळी घेऊन त्याचे डोके भरून आले होते. वडिलांनी गोळ्यांची पाकिटे टेबलावर ठेवली आणि मी ती त्याच दिवशी बंद करविली. नस्य, मालत्यादि तेलाचा अभ्यंग, पोटात रक्तप्रसादक औषधे, सारे यथाशास्त्र. आठवड्यातच त्याला मळमळ, अंग गळून जाणे, उठताना भोवळ असा त्रास सुरू झाला. दीड महिन्यात मानेवरील केसांच्या कडेला नव्या चाया उमटल्या. अखेर त्याला मूळ डॉक्टरांकडे परत पाठवावे लागले. त्यांनी गोळी पुन्हा सुरू करून सावकाश उतरविली. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. 'आपले तेवढे निर्दोष' या अभिमानात मी ते विसरलो.

वस्तुतः सवयीचे झालेले अहितकर द्रव्यसुद्धा एकदम न तोडता पादांशाने सोडवावे, हा क्रम चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. तंबाखू सोडविताना आपण तो रुग्णाला समजावतो. औषध सोडविताना मात्र तो आपल्याला आठवत नाही!

नव्या औषधांनी हा प्रश्न अधिकच नाजूक केला आहे. बॅरिसिटिनिबला तीव्र चाईसाठी अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्गातील टोफॅसिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या आपल्याकडे मिळतात. ही औषधे थांबविल्यावर बहुतेकांचे केस काही महिन्यांत पुन्हा गळू लागतात. रोमकूपावर चालून जाणाऱ्या स्वतःच्याच पेशी तेवढ्यापुरत्या शांत झालेल्या असतात, नाहीशा झालेल्या नसतात. म्हणून जुने औषध लिहून देणाऱ्याच्या संमतीने हळूहळू उतरवावे आणि आपली चिकित्सा त्याच्या जोडीने चालू ठेवावी, असे माझे मत आहे. त्या काळात मी प्रच्छान करीत नाही, कारण या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्टिरॉइडच्या मलमाने पातळ झालेल्या त्वचेवर गुंजालेप लावला तर फोड उठलेच म्हणून समजा.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. गुंजा ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'ई-1' मधील विषद्रव्य आहे. तिचा लेप पुडीत बांधून हातावर ठेवू नये. चिठ्ठीवाचून स्टिरॉइडचे मलम देणे तर त्याहून वाईट. त्या रुग्णाच्या डोक्यावर काय लावले गेले आहे, हे मग आम्हाला कळतच नाही.

राहिला श्रेयाचा प्रश्न. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत अनेकांचे केस झपाट्याने गळाले. ती चाई नव्हती, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातील सेलेनियमशी जोडला. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले. त्या सुमारास ज्याने कोणी तेल दिले असेल, त्याचे नाव झाले असणार! लहानशी एकटी चाईही कित्येकदा वर्षभरात आपोआप भरून येते. तेव्हा औषधपालटानंतर टिकलेले केस आपल्या औषधाने टिकले, जुन्याच्या उरल्यासुरल्या प्रभावाने की रोगाच्या स्वभावाने, हे एका रुग्णावरून ठरत नाही. मी आता पहिल्या भेटीतच जुन्या औषधाचे नाव, मात्रा व अवधी लिहून घेतो, दरमहा त्याच कोनातून छायाचित्र काढतो आणि शेवटची आधुनिक गोळी थांबल्याची तारीख कागदावर लाल शाईने नोंदवितो. त्या तारखेनंतर वर्ष उलटेपर्यंत 'केस टिकले' असे मी कोणाला सांगत नाही.