आयदर ऑर सर्व्हायव्हर

‘‘एकत्र राहतात हो!’’ हे वाक्य जगात ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं तो एकतर लग्नं जुळवणारा असावा, नाहीतर मासे विकणारा. दोघांचंही काम गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरेपर्यंतचंच असतं. पुढचं ज्याचं त्यानं निस्तरायचं.

मी बँकेत कारकून आहे. बावीस वर्षं काउंटरवर काढली. बी.कॉम. झाल्यामुळे माणसांवर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा, एवढी एकच विद्या पदरात पडली. सख्ख्या मेव्हण्याला मी जामीन राहिलो नाही. पण नाशकातल्या एका मासेवाल्याच्या या तीन शब्दांवर मी डोळे झाकून सही केली. त्याची ही कैफियत. आमच्या पिंपळगावात आता द्राक्षाच्या नव्या बंगल्यांबरोबर हॉलमधल्या काचेच्या टाक्याही वाढायला लागल्यात, तेव्हा वेळीच बोललेलं बरं.

टाकी घेतली ती मुलीच्या हट्टापायी. ‘‘घ्यायची तर मोठीच घ्या, रोज रोज घेणारे का आपण?’’ असं सौभाग्यवती म्हणाल्या. फ्रिज घेतानाही त्या हेच म्हणाल्या होत्या. टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आकडेमोड माझ्या रक्तात आहे. वीस घनफूट, म्हणजे 566 लिटर. काठोकाठ भरायची नाही म्हणून 500 धरा. म्हणजे नुसतं पाणी पाच क्विंटल. पिंपळगावच्या हिशेबात सांगायचं तर टोमॅटोचे वीस किलोचे पंचवीस कॅरेट आमच्या हॉलमध्ये कायमचे मुक्कामाला आले. स्टँड लोखंडी केला, खालच्या फरशीला शेजारच्या गवंड्याचा हात फिरवून घेतला. इतकी काळजी मी टाकीची घेतली. माशांची काळजी घ्यायची ती दुकानदारावर सोपवली.

त्यानं जाळी बुडवली आणि माझ्या मुलीकडे बघत बघत पिशव्या भरल्या. दोन ऑस्कर, चार बोटं लांबीचे. चार एंजल. दोन ‘झेब्रा’. आठ ‘आफ्रिकन मिक्स’, म्हणजे निळे-पिवळे जे हाताला लागतील ते. आणि शोभेला म्हणून बारा निऑन टेट्रा. एकूण अठ्ठावीस. मी विचारलं, ‘‘भांडणार नाहीत ना?’’

‘‘छे हो साहेब! सगळे सिचलिडच तर आहेत. एकाच खानदानातले. लहानपणापासून सोबत वाढले की भावासारखे राहतात.’’

(त्या जातीला सिक्लिड म्हणतात. पण तो सिचलिड म्हणाला आणि मी ‘हो ना’ म्हणालो. अज्ञानाचंसुद्धा जॉइंट अकाउंट असतं.)

दुसऱ्या दिवसापासून मुलीनं नियम केला. सकाळी दात घासायच्या आधी मासे मोजायचे. बाप कॅश मोजतो, मुलगी मासे मोजते, घराणं तेच. पहिल्या सकाळी एकवीस भरले. सात निऑन रातोरात खर्ची पडले होते. ऑस्करच्या पोटाकडे पाहिलं की कोणत्या खात्यावर ते कळत होतं. तिसऱ्या दिवशी सोळा. मग एंजलचे लांबलचक पंख कुरतडलेल्या पतंगासारखे दिसायला लागले. त्यातल्या एकीचं नाव मुलीनं ‘परी’ ठेवलं होतं. महिना संपता संपता परी गेली, परीच्या तिन्ही बहिणी गेल्या, तीन आफ्रिकन गेले. उरले नऊ. त्या नवांमध्येही दोन झेब्र्यांनी संसार थाटला, फुटक्या कुंडीत अंडी घातली आणि बाकीच्या सातांना हीटरमागच्या कोपऱ्यात कोंडून पाच फुटांची टाकी आपल्या नावावर करून घेतली. या माशाचं खरं नाव मला नंतर कळलं. कॉन्व्हिक्ट, म्हणजे कैदी! अंगावर कैद्याचेच पट्टे. मूळ राहणार मध्य अमेरिका. बँकेत असा माणूस खातं उघडायला आला असता तर मी तीनदा फोटो ताडून पाहिला असता. इथे दुकानदारानं ‘झेब्रा’ सांगितलं आणि मी पैसे मोजले.

एका सकाळी मुलगी टाकीकडे न बघता सरळ मोरीकडे गेली. मी म्हटलं, ‘‘आज मोजले नाहीस?’’

‘‘मोजून काय करायचं बाबा? रोज कमीच भरतात.’’

माझी कॅश शॉर्ट आली तर मी खिशातून भरतो. ही तूट कशानं भरायची ते मला त्या सकाळी सुचलं नाही.

त्या दिवसापासून मी या विषयात पडलो, आणि आता ठाम सांगतो की ‘भावासारखे राहतात’ हे दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याला भाऊ म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि आम्हा निफाड तालुक्यातल्यांना ते चांगलं ठाऊक आहे. कर्जाच्या फायलींमधले सात-बारा उतारे वाचत माझं अर्धं आयुष्य गेलंय. एका आईच्या पोटचे दोघे, एका ताटात जेवलेले, पण वीतभर बांधासाठी वीस वर्षं कोर्टाच्या तारखा करतात. सिक्लिड तेच करतो. तो शोभेचा मासा नाही, तो जमीनदार आहे. दगड पाहिला की तो माझा, कुंडी दिसली की ती माझी. आणि तोंडानं वाळू उपसून शेजाऱ्याच्या बाजूला टाकत राहणं, याला मराठीत बांध कोरणं म्हणतात, दुसरा शब्दच नाही. गोल्डफिशला कुठेही टाका, तो भाडेकरूसारखा फिरत राहील. सिक्लिडला घर नव्हे, गट नंबर लागतो.

दुकानदाराचा एक युक्तिवाद बिनतोड वाटतो. ‘‘आमच्या टाकीत बघा ना, पन्नास एकत्र आहेत, भांडतात का?’’ नाही भांडत. एसटीतही साठ माणसं एकत्र असतात. रुमाल टाकून जागा धरतात, कोपर मारतात, पण सात-बाऱ्यावर नाव लावायला जात नाहीत, कारण सगळ्यांनाच चांदवडला उतरायचं असतं. दुकानातला मासा चार दिवसांचा प्रवासी, शिवाय दोन इंचांचं पोर. ते घरी येतं, वयात येतं, आणि मग त्याला जमीन आठवते. ऑस्कर तर फूटभर होतो आणि दहा-दहा वर्षं जगतो. चार बोटांचा ऑस्कर विकताना हे न सांगणं म्हणजे कर्ज देताना व्याज न सांगणं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बँकेत आम्ही प्रत्येकाची केवायसी करतो, तशी माशाची करा. रंग विचारू नका, चार गोष्टी विचारा.

पहिली, गाव कोणतं? ऑस्कर, एंजल, डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतले. ‘आफ्रिकन’ म्हणून विकतात ते बहुतेक मलावी सरोवरातले. हे सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत पसरलंय आणि त्या एका पाण्यात सिक्लिडच्या शेकड्यांनी जाती आहेत. या दोन खंडांची गाठ फक्त माझ्या हॉलमध्ये पडली, आणि तिची किंमत परीनं मोजली.

दुसरी, पाणी कोणतं? डिस्कसला मऊ, किंचित आंबटसर पाणी लागतं. मलावीच्या माशाला जड पाणी, सामू पावणेआठ ते साडेआठच्या आसपास. आता आमच्या बोअरचं पाणी असं, की बादलीला आठवड्यात पांढरी पुटं चढतात आणि गीझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते. ज्या पाण्याला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या ते मलावीच्या माशाला माहेरचं वाटतं! आणि लोक त्याच पाण्यात महागडे डिस्कस मारतात. मासा दुकानात नाही, आपल्या नळाखाली उभं राहून निवडायचा असतो.

तिसरी, जेवण काय? मलावीचे खडकात राहणारे मासे, ज्यांना तिकडे ‘म्बुना’ म्हणतात, ते दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात. ऑस्करचा मांसाहार त्यांना घातला की पोट फुगून मरतात. एकादशी आणि मटण एकाच पातेल्यात शिजवून ‘सगळ्यांना चालतं’ म्हणणारी खानावळ आपण चालू देऊ का?

चौथी, कुटुंब किती? एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, नाहीतर तो एकुलत्या एका मादीला छळून मारतो. एकाच रंगाचे दोन वेगळ्या जातींचे नर ठेवायचे नाहीत, कारण त्याला दुसऱ्यात प्रतिस्पर्धीच दिसतो. आणि गंमत बघा, म्बुना थोडे ठेवले तर एकाला सगळे मिळून मारतात. संख्या जरा दाट ठेवली की राग सगळ्यांत वाटला जातो. मात्र मग फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. नवा मासा टाकायचा तर आधी सगळे दगड हलवायचे, म्हणजे जुने बांध मोडतात आणि सगळेच नव्यानं उपरे होतात. मुंबई राज्यानं 1947 साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला. माणसांत त्याचं काय झालं ते तलाठ्याला विचारा. माशांत मात्र तो अर्ध्या तासात अमलात येतो.

कोणी म्हणेल, एवढं कशाला? एकच फ्लॉवरहॉर्न ठेवा, वास्तूला चांगला. आमचे एक बागायतदार खातेदार तेच करून बसलेत. कपाळावर टेंगूळ आलेला हा मासा कोणत्याही नदीत सापडत नाही. 1990 च्या दशकात मलेशियातल्या माशांच्या धंद्यानं संकर करून तो घडवला. त्याचं टेंगूळ वाढलं की लक्ष्मी वाढते म्हणतात. बागायतदारांच्या खात्याची शिल्लक मी रोज बघतो. टेंगूळ वाढलंय, एवढंच सांगू शकतो. पण एक कबूल, तो मासा एकटाच राहतो हे तरी विकणारा सांगतो. त्या बाबतीत तो इतरांपेक्षा प्रामाणिक.

माझा खरा राग मात्र आणखी एका सल्ल्यावर आहे. उरलेले नऊ मासे दुकानदार परत घेईना. तेव्हा ओळखीच्या निदान पाच जणांनी सांगितलं, ‘‘कादवेत सोडून द्या. जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल.’’ पुण्य! कादवा पुढे नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. त्याच पाणथळीला 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर केलं. तिथे मी कैद्यांची जोडी सोडू? उजनीवर जाऊन या. तिथल्या जाळ्यांत जी चिलापी भरभरून येते ती तिलापिया, आफ्रिकेतली, आणि तीही सिक्लिडच. या खानदानातला मोझांबिकचा तिलापिया 1952 साली आपल्या देशात माणसानंच आणला, चांगल्या हेतूनं. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, ‘‘राहतील हो एकत्र!’’ राहिले. चिलापी राहिली, आणि जुन्या माशांना आता कोळी आठवावं लागतं. आपल्याकडचा घरचा सिक्लिड नाही असं नाही. गोव्याकडचं कालुंदर, म्हणजे केरळातला करीमीन, ज्याला 2010 साली त्या राज्यानं राज्यमासा केलं. तो आपल्या खाडीत आपल्या मर्यादेनं राहतोय. त्याला पाहुणे नकोत. टाकी फसली तर तूट आपल्या घरात राहते. मासा नदीत सोडला की ती तूट आपण दुसऱ्याच्या खात्यावर ढकलतो, आणि बँकेत याला पुण्य म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

शेवटी ऑस्कर ओझरच्या एका गृहस्थांच्या सहा फुटी टाकीत गेले, कैदी नाशिकच्या एका हौशी मुलाकडे स्वतंत्र कोठडीत, आणि उरलेले आफ्रिकन त्यानंच नेले. टाकी चार महिने रिकामी होती. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला, लोकांनी बागांत शेकोट्या पेटवल्या, तेव्हा हिनं एकदा टाकीत गव्हाची पोती ठेवण्याचाही प्रस्ताव मांडला. मग मी काळे दगड आणले, आधी दगड आणि मग वाळू असा थर लावला, म्हणजे कोणी कितीही बांध कोरला तरी डोंगर कोसळू नये. हीटर पंचविसावर लावला. आणि तीनच जाती आणल्या. पिवळे यलो लॅब, तांबूस रस्टी, निळसर अकेई. तिन्ही मलावीतले, तिघांचा रंग वेगळा, तिन्ही स्वभावानं त्यातल्या त्यात गरीब. प्रत्येकी सात, एकूण एकवीस, सगळे एकाच दिवशी. भांडतात का? भांडतात तर! पण आमच्या शाखेत भांडतात तितकंच. संध्याकाळी सगळे हजर असतात.

गेल्या महिन्यात एका यलो लॅबनं जेवण सोडलं. गाल फुगलेले. मुलगी घाबरली, मीही घाबरलो. तीन आठवडे ती मासळी तोंड मिटून दगडाआड बसून होती. मी मनातल्या मनात वीस मोजायची तयारी केली.

आणि परवा सकाळी, मी दाढी करत असताना, हॉलमधून आवाज आला, ‘‘बाबा, चोवीस!’’

पोरं आईच्या तोंडात वाढली होती, आणि त्यातली तीन दगडांच्या फटीत तगली होती. मुलीनं मला तीनदा मोजायला लावलं. तीनदा चोवीसच भरले.

‘‘तीन जास्त आहेत बाबा. काय करायचं?’’

बँकेत कॅश जास्त भरली तर ती खिशात घालता येत नाही. धनी सापडेपर्यंत सस्पेन्स अकाउंटला टाकतात. तसं मी तिला सांगितलं. तिनं वहीत तसं लिहिलं, आणि मग दात घासायला गेली.