अंगठ्याच्या आधी

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल उतरलो की कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ. ही भिवंडी तालुक्यातली एकेकाळची भातशेतीची गावे, आज गोदामांच्या पत्र्याखाली गेलेली. जमिनीला असा भाव आला, की ज्या सातबाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यावरच्या प्रत्येक नावाला मोल आले. त्यातच हिंदू वारसा कायद्याच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला. आता या व्यवहारांत सत्तरी ओलांडलेली आत्या असते, विधवा काकू असते, जन्मापासून बौद्धिक अपंगत्व असलेला धाकटा भाऊ असतो. आम्हा विधी स्वयंसेवकांचे काम याच माणसांसाठी आहे.

आणि ते आपण फार उशिरा सुरू करतो. दस्त झाला, फेरफार मंजूर झाला, गोदामवाल्याचे कुंपण पडले, की मग आत्या तालुका विधी सेवा समितीच्या दारात येते. तोवर बहुतेक वेळा दिवाणी दाव्याशिवाय वाट उरलेली नसते. दस्त रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, आणि ‘कळले कधी’ हे सिद्ध करण्यातच म्हाताऱ्या माणसाची उमेद संपते. माझे ठाम मत आहे, की दुर्बल प्रौढाचे खरे रक्षण दस्तावर अंगठा उमटण्याआधी होते.

दुय्यम निबंधक कार्यालयात काय घडते ते नीट पाहा. सकाळीच गाडीतून आजीला आणलेले असते. दस्तलेखकाने मजकूर आदल्या दिवशीच तयार केलेला असतो. आजीला सांगितलेले असते, ‘नावे लावायची आहेत, सही दे.’ तिच्यासमोर कॅमेरा, अंगठ्याचे यंत्र. जन्मभर लावणी केलेल्या अंगठ्यावर रेषा राहिलेल्या नसतात, यंत्र ठसा घेत नाही. मग पुतण्या तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसतो, दाबून धरतो, पुन्हा पुसतो. ठसा उमटेपर्यंत सगळ्यांचे लक्ष त्या अंगठ्याकडे असते. कागद हक्कसोडीचा आहे, बक्षीसपत्राचा की कुलमुखत्यारपत्राचा, हे तिला कोणी सांगत नाही. घरातल्या घरात होणाऱ्या हक्कसोडीला किंवा बक्षीसपत्राला मुद्रांक बहुतेक वेळा नाममात्र, त्यामुळे थांबून विचार करायला खर्चाचेही कारण उरत नाही.

अशा वेळी आपला पक्षकार कोण, हे मनाशी पक्के हवे. आपल्याला फोन करणारा, चहा पाजणारा, कागद दाखवणारा पुतण्या हा पक्षकार नाही. आजीशी एकांतात बोलल्याशिवाय एका ओळीचाही अर्ज लिहू नये. घरातले लोक ‘तिला काय समजतंय’ म्हणतील. त्यांना बाहेर बसवावे आणि आजीला तिच्याच बोलीत विचारावे: जमीन कुठली, कागद कशाचा, बदल्यात काय मिळणार, उद्या राहणार कुठे? उत्तरे तिच्या शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावीत. पुढे न्यायालयात हीच टिपणे उपयोगी पडतात.

तिला द्यायचेच असेल तर तिला अडवणारे आपण कोण? पण अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 साठ वर्षांवरील माणसाने सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळवून देते. मात्र डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी अट होती हे दाखवावे लागेल. 2 जानेवारी 2025 च्या ऊर्मिला दीक्षित निकालात आईला मिळकत परत मिळाली. तिथे बक्षीसपत्राच्या जोडीला मुलाने लिहून दिलेले वचनपत्र होते. ‘देणाऱ्याचा अन्न, निवारा, औषधपाणी यांसह सांभाळ करण्याच्या अटीवर’ एवढे शब्द दस्तात घालायला दस्तलेखकाला दोन मिनिटे लागतात. ते घातल्याशिवाय आजीला खुर्चीवरून उठू देऊ नका. या कायद्याखालचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो. ज्येष्ठ स्वतः येऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था तो करू शकते. कलम 17 तिथे वकिलाला मज्जाव करते; केरळ आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ती बंदी मानलेली नाही, तरी नीट लिहिलेला अर्ज आणि लावलेले कागद ही विधी स्वयंसेवकाचीच जबाबदारी राहते.

धाकट्या भावाची गोष्ट वेगळी. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने मिळकतीची यादी द्यायची असते, पुढे दरवर्षी हिशेब. ही यादी दिली गेली का, हे कोणी विचारतच नाही. आपण विचारावे. मानसिक आजाराबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, त्याला रुग्णाची जमीन विकता येत नाही. असा कागद पुढे करून कोणी सातबाऱ्यावरचे नाव काढू पाहत असेल तर फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलांसाठी पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक बसवायला सांगितले. तीच सोय दुय्यम निबंधक कार्यालयात का नसावी? भिवंडीत रोज दस्त होतात; तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि पडदा लावून आजीशी एकांतात बोलता येईल एवढी जागा पुरे. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ही सुरुवात भिवंडीत करावी, अशी आमची मागणी आहे. कशेळी, काल्हेर पट्ट्यातील वाचकांनी आपल्या तालुका समितीकडे तसे लेखी अर्ज द्यावेत. आणि टेबल लागेपर्यंत गावातल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत: विधी सेवेचा 15100 आणि ज्येष्ठांसाठीचा 14567.