‘तात्पुरता’ निवारा आणि शासनाचे उत्तरदायित्व

शासकीय परिभाषेत ‘तात्पुरता’ हे विशेषण मोठे सोयीचे ठरले आहे. रेल्वेच्या फलाटावर एकटे सापडलेले किंवा घरातील अत्याचारामुळे तातडीने बाहेर काढावे लागलेले मूल ज्या ठिकाणी ठेवावयाचे, ते ठिकाण तात्पुरते. म्हणून तेथील माणसांची आणि देखरेखीची उणीवही तात्पुरतीच मानण्याची प्रथा पडली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाला ही प्रथा मान्य नाही. चोवीस तासांच्या आत मूल बालकल्याण समितीपुढे यावे, सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी, चार महिन्यांत अंतिम आदेश निघावा, तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी समितीने गृहास भेट द्यावी आणि त्या पथकात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, इतका तपशील त्यात नमूद आहे. कायदा अपुरा असल्याची सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

१९८६ साली परिस्थिती निराळी होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा देशभर लागू असा एकच कायदाच नव्हता. आज कायदा आहे, समित्या आहेत, नोंदवह्याही आहेत.

बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाकडे या दृष्टीने पाहावे लागते. राज्यशासनाने २०१७ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आपल्या अनुदानित गृहांचे सामाजिक लेखापरीक्षण सोपविले. एप्रिल २०१८ मध्ये सादर झालेल्या अहवालात एकशे दहा संस्थांपैकी सतरा संस्थांविषयी गंभीर आक्षेप होते. मुझफ्फरपूरची फिर्याद मात्र ३१ मे रोजी नोंदली गेली. मधल्या महिन्याचे समर्थन कोणत्या नियमाने करावयाचे? उरलेल्या सोळा गृहांच्या बाबतीत राज्य पोलिसांनी इतकी सौम्य कलमे लावली, की नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तपासच केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले. त्यांत बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष व जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारी होता. गुन्हा ठाऊक असून न कळविल्याबद्दल बालसंरक्षण कक्षाची एक सहायक संचालिकाही होती. म्हणजे देखरेख नव्हती असे नव्हे. देखरेख करणारेच गुन्ह्यात सामील होते.

पुढचा प्रकार त्याहून बोलका आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली. मुझफ्फरपूरच्या मुली तातडीने पाटणा, मोकामा, मधुबनी येथे हलविण्यात आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोकामाच्या गृहातून सात मुली नाहीशा झाल्या. त्यांत या प्रकरणातील मुलीही होत्या. बहुतेक लवकरच सापडल्या. तथापि ज्यांना संरक्षण द्यावयाचे त्यांनीच तेथून पळावे, याचा अर्थ त्यांचे तेथे काय चालले होते हे विचारणारे कोणी नव्हते, असाच करावा लागेल.

लेखापरीक्षकांना जे कळले ते वर्षानुवर्षांच्या तपासण्यांना का कळू नये? परीक्षकांनी भिंती आणि वह्या पाहून न थांबता मुलींशी संवाद साधला. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो, व तो भाषाभ्यासकांच्या कक्षेतला आहे. मुझफ्फरपूरच्या परिसरात बज्जिका बोलली जाते. कार्यालयाची नोंद हिंदीत होते आणि उच्च पातळीवरचे कागद इंग्रजीत जातात. मुंबईच्या एखाद्या गृहात बिहारचे किंवा बंगालचे मूल येते, तेव्हा अंतर आणखी वाढते. घडलेली गोष्ट सांगावयास मुलाजवळ घरचीच बोली असते. अधिकाऱ्याच्या प्रपत्रात तिला जागा नसते, आणि ‘बालक काही सांगत नाही’ एवढा शेरा उरतो. २०१२ च्या लैंगिक अपराधविषयक अधिनियमात दुभाषाची तरतूद आहे खरी, परंतु ती जबानी व साक्षीच्या वेळची, म्हणजे अपराध घडून गेल्यानंतरची.

तपासणीच्या दर भेटीत मुलाची बोली जाणणारी आणि गृहाशी किंवा खात्याशी संबंध नसलेली एक व्यक्ती असावी. अशा व्यक्तींची यादी जिल्हा बालसंरक्षण कक्षाने मागणे आणि विद्यापीठांच्या भाषाविभागांनी ती पुरविणे, यासाठी नवा कायदा लागत नाही.