खर्रा आणायला कोण जातो?

मूलहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहत गेल्या महिन्यात एका फाट्यावर तासभर उभा होतो. शेजारीच पानठेला. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटत होता. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो आवाज कशाचा, हे कुणाला सांगावे लागत नाही. तेवढ्यात गणवेशातला, आठवी-नववीतला एक मुलगा आला, पैसे पुढे करून म्हणाला, "बाबासाठी एक." ठेलेवाल्याने मुकाट्याने पुडी दिली. दहा मिनिटांनी तोच मुलगा पुन्हा आला. या खेपेला त्याने बाबाचे नाव घेतले नाही आणि ठेलेवाल्यानेही काही विचारले नाही.

शाळकरी मुलांच्या व्यसनाचा विषय निघाला की आपण सिगारेट, सिनेमातला नायक आणि वाईट संगत यांच्या माथी दोष मारून मोकळे होतो. शहरात ते काही अंशी खरे असेलही. इकडे धूर कमी, खर्रा जास्त. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले, त्यांतले बहुतेक बिनधुराचा. गंमत अशी, की विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता आमच्याच जंगलातला. उन्हाळ्यात तो तोडायला आईबापांबरोबर मुलेही जातात. पानाची मजुरी घरात येते आणि त्यातलेच काही पैसे ठेल्यावर जातात.

मुलगा खर्रा पहिल्यांदा पाहतो तो घरात. वडिलांच्या खिशात, आजीच्या कनवटीला, साक्षगंधाच्या मांडवात पाहुण्यांपुढे. काही ठिकाणी गुरुजींच्या गालातही. तंबाखूचे दुष्परिणाम शिकवताना खिडकीबाहेर थुंकणारे एक शिक्षक मी स्वतः पाहिले आहेत. मग 'जा रे, एक घेऊन ये' ही रोजची फेरी सुरू होते. वाटेत पुडी सोडून चिमूटभर चाखायला कितीसा वेळ लागतो?

कायदा आहे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांत तर कुणालाच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण बापानेच पाठवलेल्या मुलाला नाही म्हणून गिऱ्हाईक कोण तोडणार? शिवाय खर्रा डोळ्यांसमोर घोटला जातो. त्याला कारखान्याचे वेष्टन नाही, म्हणून कर्करोगाचे चित्रही नाही.

गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. तिथेच २०१६ पासून शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था मिळून 'मुक्तिपथ' चालवतात. गावाने एकत्र बसून ठेल्यावरची विक्री थांबवायची, हा त्यातला एक मार्ग. मला तो धाडींपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. ज्या घरातून मुलगा ठेल्यावर जातो, त्याच घरातली माणसे त्या बैठकीला असतात.

एसटी आली तेव्हा तो मुलगाही चढला आणि माझ्या शेजारी बसला. सुपारीने तोंड हळूहळू आखडत जाते, म्हणून त्याला म्हटले, "बाबू, तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा." त्याची गेली. हसून म्हणाला, "बाबाची दोनच जातात. भाकरी चुरून खाते तो."