पट्टे मारा, नाहीतर आम्ही नियमाने चालू

महामार्ग प्राधिकरण, त्याचे ठेकेदार, वाहतूक पोलीस आणि परिवहन खाते, या सगळ्यांना तानसा खोऱ्यातल्या गाडीवाल्यांचा हा जाहीर इशारा आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत जिथे जिथे काम काढून लेन बंद केली जाते, तिथे वसुबारसेच्या आत पांढरे पट्टे, आगाऊ सूचनेचे फलक आणि रात्रीचे दिवे लागले पाहिजेत. तोवर अशा ठिकाणी 'लेन कटिंग'चे एकही चलन होता कामा नये. वसुबारसच का? पावसात मारलेला रंग टिकत नाही, हे आम्हालाही कळते. पाऊस ओसरल्यावर काम उरकायला पुरेसे दिवस हाताशी राहतात. वसुबारस उजाडली की पावसाची सबब संपली.

भरलेली दहाचाकी गाडी म्हणजे २०१८ च्या नव्या भारमर्यादेप्रमाणे साडेअठ्ठावीस टनांपर्यंतचे ओझे. अवजड गाडीने डावी लेन धरावी असा नियम आहे, म्हणून ड्रायव्हर इमानाने डावी लेन धरून चढणीला लागलेला असतो. वळण संपते आणि समोर मातीने भरलेली चार पोती. त्यांवर लाल फडका, तोही नसला तर झाडाची फांदी खोवलेली. लेन तिथेच संपली. ना अर्धा किलोमीटर आधी फलक, ना बाण, ना झेंडी घेतलेला माणूस. ड्रायव्हर उजवा इंडिकेटर देतो. उजवीकडच्या मोटारी डिपर मारत, हॉर्न वाजवत एकापाठोपाठ एक निघून जातात, एकही थांबत नाही. चढणीवर गाडी उभी करावी लागते. उभी राहिलेली गाडी पहिल्या गिअरला उचलताना वीतभर मागे येते, तेवढ्यात मागचा शिव्या घालतो. शेवटी जीव मुठीत धरून ड्रायव्हर गाडीचे तोंड घालतो. पुढची चाके उजव्या लेनमध्ये, मागची डाव्या लेनमध्ये, आणि नेमका त्याच क्षणाचा फोटो निघतो. फोटोत दोन लेन अडवून आडवा झालेला ट्रक दिसतो. पोती दिसत नाहीत.

पुढे मेसेज येतो मालकाच्या मोबाईलवर आणि पैसे कापले जातात ड्रायव्हरच्या पगारातून. वाहन चालवण्याच्या नियमावलीचा भंग म्हणून कलम १७७अ लावले तर ५०० ते १००० रुपये. धोकादायक ड्रायव्हिंगचे कलम १८४ लावले, तर पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद. पोत्यांनी लेन बंद करणाऱ्याला काय? त्याचीही सोय कायद्यात आहे, फक्त ती कोणी काढून दाखवत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८अ घातले गेले. रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे ठेवली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी वळवावी याची पुस्तिका इंडियन रोड्स काँग्रेसने काढली आहे, तिचा क्रमांक एसपी ५५. आधी सूचनेचा टप्पा, मग लेन हळूहळू अरुंद करत आणण्याचा टप्पा, मग कामाची जागा, मग रस्ता पूर्ववत होण्याचा टप्पा, असे चारही टप्पे तिथे आखून दिले आहेत. पोत्यांचा टप्पा त्यात नाही.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत. केंद्र सरकारने ११ ऑगस्ट २०२१ ला नियम १६७अ आणला. कॅमेरा लावलेल्या ठिकाणी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला हवी, असे तो सांगतो. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांच्या संपाच्या सुमारास, पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये, असे आदेश वरूनच निघाले. म्हणजे आम्ही जे म्हणतो ते वरिष्ठांनाही पटले होते. मग पुलाच्या सावलीत उभे राहून खिशातला मोबाईल बाहेर काढणाऱ्याने आधी तो आदेश वाचावा.

मुरबाडकरांनी हे शहापूरवाल्यांचे दुखणे समजू नये. माळशेजच्या धुक्यात दरड पडून एक बाजू बंद झाली, की तिथेही हाच खेळ चालतो. आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला, तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्याच्या गाड्याही आमच्याच उंबऱ्याशी येऊन ठाण्याच्या रांगेत मिसळतात. त्या रस्त्याची किंमत आमच्या शहापूर तालुक्याने मोजली आहे. ३१ जुलै ते १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री सरळांब्याला गर्डर उभारणारे यंत्र कोसळले आणि २० जीव गेले. रस्त्याच्या कामात निष्काळजीपणा म्हणजे काय, हे आम्हाला कागदावरून शिकायचे नाही.

दोन रांगांची एक रांग कशी करायची, हे काही अवघड शास्त्र नाही. जर्मनीत तर ते वाहतुकीच्या नियमावलीतच लिहिले आहे. बंद होणाऱ्या लेनमधल्या गाडीने अडथळ्यापर्यंत जायचे आणि तिथे एक इकडची, एक तिकडची अशी आळीपाळीने गाडी सोडायची, दप्तराच्या चेनचे दाते बसतात तशी. आपल्याकडे सवय नाही, म्हणून तिथे माणूस हवा. झेंडी आणि चमकणारे जाकीट घेतलेली दोन माणसे दोन पाळ्यांत उभी केली, तरी अर्धी कोंडी सुटेल. दंडाची यंत्रे घ्यायला पैसे असतात, दोन माणसांच्या रोजाला नसतात, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

पाण्याचेही सांगतो, कारण त्याची लाज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. तानसा धरण १८९२ चे. तेव्हापासून इथले पाणी नळाने मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी घालावे लागते. तो टँकर याच कोंडीत अडकतो. मुंबईचे पाणी पाइपातून कधी ट्रॅफिकमध्ये अडकल्याचे ऐकले आहे का?

आता इशाऱ्याची दुसरी बाजू, आमच्याच माणसांना. खर्डी-आटगावच्या ढाब्यावर जायला चारशे मीटर राँग साइडने गाडी घालणारा, घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारा, नंबरप्लेटवर चिखल फासणारा किंवा साखळी लोंबवणारा, रात्री दिवे बंद करून डाव्या लेनमध्येच गाडी लावून झोपणारा, या कोणाच्याही मागे आम्ही उभे राहणार नाही. त्याचे चलन त्याने भरावे. १५ जानेवारी २०२५ च्या पहाटे शहापूरजवळ गोठेघरपाशी पाच वाहने एकमेकांवर आदळून तिघे गेले. अशा पहाटेनंतर पुन्हा बिनदिव्याची गाडी रस्त्यात उभी करणाऱ्याला माफी नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. मालकांनाही बजावतो. पोत्यांपाशी झालेल्या चलनाचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापाल, तर त्या गाडीवर या खोऱ्यातला माणूस बसणार नाही.

वसुबारसेपर्यंत काही झाले नाही तर काय? संप नाही, रास्ता रोको नाही, चक्का जाम नाही. त्या वाटेने जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या तरतुदीविरुद्ध देशभर जाऊन पाहिले, जुलै २०२५ मध्ये ई-चलनाविरुद्ध राज्यात जाऊन पाहिले. आम्ही फक्त नियमाने चालू. तानसा खोऱ्यातली एकही भरलेली गाडी डावी लेन सोडणार नाही, पुढे कितीही हळू वाहन असो. दोन गाड्यांत सुरक्षित अंतर राहील. लेन बंद झाली तर इंडिकेटर देऊन उभे राहू आणि पूर्ण वाट मोकळी झाल्याशिवाय चाक हलणार नाही, कारण मिसळणाऱ्याने मुख्य रांगेला मान द्यावा असा नियमच आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात होते तसे सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती घेऊ आणि आठ तासांनी स्टिअरिंग सोडू. गाडी कुठे लावायची, ते पोलिसांनी दाखवावे. आणि पोत्यांपाशी झालेले प्रत्येक चलन लोकअदालतीत सवलतीत मिटवायचे सोडून न्यायालयात लढवू. यंत्राचे प्रमाणपत्र, सूचनाफलकाचा फोटो आणि काम चालू असल्याचा ठेकेदाराचा आराखडा तिथे मागू.

रुग्णवाहिका, एसटी आणि पाण्याचा टँकर यांना वाट दिली जाईल, ती द्यायची जबाबदारी आमची. नाशिकचा कांदा-भाजीपाला वाशीच्या बाजाराला उशिरा पोहोचला, तर त्याचा जाब आम्हाला विचारू नये. पोती ठेवणाऱ्याला विचारावा.

मोटारवाल्यांनो, तुमचे आमच्याशी वैर नाही. इंडिकेटर देऊन उभ्या असलेल्या गाडीला एकाने वाट दिली तर मागचे पन्नास लवकर सुटतात, एवढे आजपासून करून पाहा. आणि वसुबारसेपर्यंत रस्त्यावर पट्टे दिसले नाहीत, तर दिवाळीला गावी जाताना घरातून दोन तास आधी निघा.