उठलीच आहेस तर...

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असे जाणते लोक म्हणतात. तरीही मी हे भांडण मुद्दाम दिवाळीलाच काढीत आहे. कारण ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे, ती नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरी सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते आणि कोणालाच दिसत नाही. त्या पहाटे सर्वांत आधी कोण उठते? पाणी कोण तापविते, उटणे कोण कालविते, पेंगणाऱ्या मुलांना पाटावर बसवून तेल कोण लावते? आणि सगळ्यांच्या पाठी चोळून झाल्यावर, उरल्यासुरल्या कोमट पाण्याने शेवटी कोण न्हाते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हल्ली मात्र आईच्या या पहाटेकडे उपदेशकांचे लक्ष गेले आहे. आईने स्वतःकडे लक्ष द्यावे, स्वतःसाठी वेळ काढावा, हा उपदेश चांगलाच आहे. पण वेळ काढायचा कशातून, असे विचारले की सर्वांचे बोट एकाच ठिकाणी जाते : पहाटे. मुले उठण्यापूर्वी तासभर उठा, व्यायाम करा, ध्यान करा, वाचा, म्हणजे दिवस तुमचा. रॉबिन शर्मा यांचे पहाटे पाचला उठणाऱ्यांविषयीचे इंग्रजी पुस्तक २०१८ साली निघाले. त्यात त्या तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग पाडून दिले आहेत. आमच्याकडील हौशी मंडळींनी त्याला ब्राह्ममुहूर्ताची जोड दिली आणि उपदेशाला सोवळेही नेसविले.

मी मॅट्रिक झालेली, दिवसा लहान मुलांना शिकविणारी आणि जमेल तेव्हा कादंबरी लिहिणारी बाई. वय चाळिशीच्या पुढे. कंबर दुखते, वाचायची पुस्तके उशाशी धूळ खातात आणि कादंबरीची नायिका सात महिने एकाच उंबरठ्यावर उभी होती. मलाही तो उपदेश पटला. शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी साडेचारचा गजर लावला.

पहिले दोन दिवस खरोखरच स्वर्गाचे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घर निजलेले, बाहेर पावसाची रिपरिप, हातात स्वतःसाठी केलेला आणि स्वतःच गरम गरम प्यायलेला चहा. नायिकेने उंबरठा ओलांडला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना जाग आली. त्या म्हणाल्या, "उठलीच आहेस तर माझाही चहा टाक गं." त्यांना नाही कसे म्हणावे? चौथ्या दिवशी आमचे हे म्हणाले, "उठलीच आहेस तर मला पाचला हाक मार, आज लवकरची गाडी धरायची आहे." गाडी धरायची म्हणजे डबाही लवकर आला. पुढच्या आठवड्यात थोरल्याने रात्रीच सांगून ठेवले, "आई, तू पहाटे उठतेसच, तर माझ्या वह्यांना कव्हरं घालशील?" आणि धाकटीला अंथरुणात आईची ऊब सापडेना, म्हणून ती डोळे चोळीत येऊन मांडीवर बसू लागली. दोन आठवड्यांत माझा तास घरात वाटला गेला, जसा प्रसाद वाटला जातो. यात कोणी दुष्ट नव्हते. घरात बाई जागी असणे म्हणजे ती रिकामी असणे, एवढाच आमच्याकडचा जुना समज आहे.

आता दुसरा हिशेब. भांडी, दुसऱ्या दिवसाची भाजी, तपासायच्या वह्या असे करता करता आमच्या घरचा दिवा पावणेअकराला मालवतो. सहाला उठत होते तेव्हा मला सव्वासात तास झोप मिळे. साडेचारला उठू लागल्यावर पावणेसहा तास. तीन आठवड्यांत साडेएकतीस तासांची झोप गेली. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थांनी २०१५ साली एकमताने सांगितले आहे. ब्राह्ममुहूर्ताचेही तेच. सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी तो लागतो आणि ४८ मिनिटे टिकतो, हे खरे. पण ज्यांनी तो पाळला त्यांच्या घरी तेलाचा दिवा होता आणि तो रात्री लवकर विझत असे. त्यांचे निजणे विसरायचे आणि उठणे तेवढे घ्यायचे, याला परंपरा म्हणत नाहीत. म्हणजे मी वेळ काढला नव्हताच. मी तो स्वतःच्याच अंगातून, चढ्या व्याजाने, उसना घेतला होता.

हे व्याज कोणी भरले ते सांगणे मला जड जाते. बाविसाव्या दिवशी सकाळी धाकटीच्या हातून दुधाचा पेला कलंडला. सांडले ते पेलाभर दूध. मी तिला थोबाडीत मारली. वर्गात चाळीस पोरे अंगावर घेऊन ज्या बाईने आजवर हात उगारला नाही, त्या बाईने. पोर रडली नाही. फरशी पुसायचे फडके शोधायला गेली. त्या दिवशी मी गजर बंद केला.

माझे भांडण लवकर उठण्याशी नाही. जो नवाला निजतो त्याने खुशाल चारला उठावे. कित्येकांची प्रकृतीच तशी असते. माझे भांडण आहे ते थकलेल्या माणसाला त्याचीच झोप कापून भेट म्हणून देण्याच्या युक्तीशी. ही युक्ती लोकप्रिय का झाली? कारण तिच्यात दुसऱ्या कोणालाच काही द्यावे लागत नाही. नवऱ्याचे वर्तमानपत्र जागेवर राहते, मुलांचा खेळ राहतो, सासूबाईंची मालिका राहते, जेवण वेळेवर होते. आणि आई आनंदी झाली नाही तर दोष तिच्या आळसाचा.

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींत, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१ निघाल्या आणि पुरुष २६. काम करणाऱ्यांपुरतीच सरासरी काढली, तर बाईची दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. पुढची पाहणी २०२४ ची. तीत बाईची मिनिटे २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही आपली ९७ वरून ८८ वर आणलेली! वेळ कोठे आहे तो या आकड्यांत आहे. तो पहाटेच्या अंधारात शोधायला कशाला हवा?

कोणी म्हणेल, बहिणाबाई चौधरींना गाणी सुचली ती कामाच्या घाईतच ना? होय. पण त्या वेळेला कोणी स्वतःसाठी काढलेला वेळ म्हटले नव्हते. जात्यावरच्या बायका दळण हवे म्हणून पहाटे उठत. हात खुंट्यावर अडकलेला होता, मोकळा होता तो फक्त गळा. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. त्यांचे कौतुक करताना, दळण दळता दळता विरून गेलेल्या बाकीच्या गळ्यांचीही आठवण ठेवावी.

लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये हुकूम काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. शिक्षिका म्हणून मला तो पटला. मुलाची झोप हा सरकारने दखल घेण्याचा विषय होतो, मग त्याच घरातल्या आईची झोप हा निदान घराने दखल घेण्याचा विषय का होऊ नये?

आमच्या घरी आता रात्री आठ ते नऊ मी दार लावून बसते. ह्यांच्याशी तीन दिवस अबोला धरावा लागला, तेव्हा हे झाले. भात हे लावतात. पहिल्या आठवड्यात तो दोनदा करपला आणि आम्ही तो मुकाट्याने खाल्ला. सासूबाई या तासाला अजून "हिचे लाड" म्हणतात. अधूनमधून दारावर टकटक होते, कधी मीच अपराधी वाटून बाहेर येते. पण तो तास उजेडातला आहे, घराने मला दिलेला आहे, आणि त्यासाठी धाकटीला काही भरावे लागत नाही.

येत्या नरकचतुर्दशीला, वाचकहो, एवढेच करून पाहा. आदल्या रात्री गजर दुसऱ्या कोणीतरी लावावा. पाणी दुसऱ्या कोणीतरी तापवावे. आणि ती सवयीने उठून बसलीच, तर "उठलीच आहेस तर" या शब्दांपुढे एकदा तरी निराळे वाक्य जोडावे : "उठलीच आहेस तर पाटावर बस, आधी तुला तेल लावतो."